रक्तदाब, हृदय आणि नकलेवरचा शेरा



आजच्या व्याख्यानाचा विषय चालकांनी पत्रिकेत 'आरएनएचे मिथिलीकरण, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार' असा छापला आहे. तो वाचूनही आपण इतक्या संख्येने येथे आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. या नावात दोन शब्द घरातले आहेत आणि दोन प्रयोगशाळेतले. घरातल्या शब्दांपासून निघून प्रयोगशाळेत जावे, तेथे काय चालले आहे ते पाहावे आणि पुन्हा घरी यावे, एवढाच आमचा आजचा बेत आहे.

रक्तदाबाविषयी आपल्याकडे दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. एक म्हणजे, "आमच्या घराण्यातच आहे हो, वडिलांना होता, आजोबांनाही असणार. त्याला कोण काय करणार?" आणि दुसरे, "मला तर काही त्रास होत नाही, मग मला कसला आलाय रक्तदाब?" पहिला गृहस्थ नशिबावर हवाला ठेवतो, दुसरा शरीरावर. दोघांची तोंडे दोन दिशांना असली, तरी दोघेही औषधाची गोळी मात्र घेत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आपल्या देशातील प्रौढांपैकी शेकडा ३५.५ लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. म्हणजे या मंडपात आपल्या डाव्या आणि उजव्या हाताला बसलेल्या दोन माणसांत आपण स्वतःला मिळवले, तर तिघांतला एक निघतो. तेव्हा हा विषय परका नाही.

दुसऱ्या वाक्याचा निकाल लवकर लागतो, म्हणून तो आधी लावू. हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर रक्त धमन्यांत ढकलते. त्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतीवर पडणारा भार म्हणजे रक्तदाब. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी घालून त्यात रक्त किती उंच चढते ते पाहिले आणि आपला वृत्तांत १७३३ साली छापला. माणसाच्या बाबतीत हा प्रयोग करण्याची अर्थातच सोय नव्हती. १८९६ साली इटलीतील रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा फुगता पट्टा काढला, १९०५ साली रशियातील कोरोटकॉफ यांनी त्या पट्ट्याखाली नळीने ऐकू येणाऱ्या आवाजांचा अर्थ लावला, आणि तेव्हापासून वरचा आकडा व खालचा आकडा असे दोन आकडे आपल्या संसारात आले. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, हे आकडे कळण्यासाठी यंत्र लागले. दाब वाढला म्हणून तो माणसाला जाणवेलच अशी सोय निसर्गाने केलेली नाही. दात दुखतो, पोट दुखते, धमनी दुखत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे. जगातील उत्तमोत्तम वैद्य हाताशी असलेल्या या गृहस्थांचा दाब वर्षानुवर्षे चढत गेला आणि १२ एप्रिल १९४५ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० आणि १९० होता. वैद्यांना आकडा दिसत होता, पण तो उतरवण्याचे चांगले साधन त्या काळी हाती नव्हते, आणि वाढत्या वयाबरोबर दाब थोडा वाढावाच असे मानणारेही पुष्कळ होते. पुढे १९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी हजारो नागरिकांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली आणि वाढलेला दाब, धूम्रपान आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध आकड्यांनी सिद्ध झाला.

येथे आपल्या मुंबईचाही एक मान आहे, तो सांगितला पाहिजे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी तिचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम रोग्यांवर मोजून पाहिला आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. सर्पगंधेकडे जगाचे लक्ष गेले ते त्यानंतर. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे त्याहून निर्धोक औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले. पण परंपरेने आलेले औषध असो की प्रयोगशाळेतून निघालेले, ते रोग्यावर मोजून पाहावे लागते, हा डॉ. वकिलांनी घालून दिलेला धडा मागे पडलेला नाही. व्याख्यानाच्या शेवटी आम्हाला त्याची गरज लागणार आहे.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. "घराण्यातच आहे" हे म्हणणे खोटे नाही. जुळ्या भावंडांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासावरून असे दिसते की, माणसामाणसांत दाबाचा जो फरक असतो त्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा आनुवंशिक आहे. मग शास्त्रज्ञांनी विचारले, हा वारसा नेमका कोठे लिहिलेला आहे? २०१८ साली दहा लाखांहून अधिक लोकांची तपासणी एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हा पूर्वीची आणि नवी मिळून ९०१ ठिकाणे सापडली. एखाद-दुसरा गुन्हेगार सापडेल या अपेक्षेने गेलो आणि सारे गावच चौकीवर हजर झाले, असा हा प्रकार झाला. त्यांतले प्रत्येक ठिकाण दाबात जो फरक पाडते तो अगदी किरकोळ. आणि सगळ्यांची बेरीज केली तरी माणसामाणसांतल्या फरकाचा लहानसाच हिस्सा पदरात पडतो. म्हणजे मूळ दस्तात जे लिहिले आहे, तेवढ्याने सगळा खुलासा होत नाही. दस्त आणि प्रत्यक्ष व्यवहार यांच्यामध्ये आणखी काही घडत असले पाहिजे. आजचा विषय त्या मधल्या जागेचा आहे.

ही मधली जागा समजून घेण्यासाठी आपण कचेरीत जाऊ, कारण कचेरीचा अनुभव नाही असा नागरिक या मंडपात नसावा. आपल्या जमिनीची मूळ नोंदवही दप्तरात असते. ती बाहेर नेता येत नाही. काम पडले की आपण तिची नक्कल काढून घेतो आणि पुढचा सगळा व्यवहार त्या नकलेवर चालतो. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीतही असेच एक दप्तर आहे. मूळ वही म्हणजे डीएनए. ती पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेली असते. एखादे प्रथिन बनवायचे झाले की वहीतल्या तेवढ्याच नोंदीची एक तात्पुरती नक्कल निघते आणि ती केंद्रकाबाहेर, प्रथिने बनवणाऱ्या कारखान्याकडे जाते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. अशी नक्कल असते हे १९६१ साली सिद्ध झाले. आपल्या त्वचेच्या पेशीत आणि हृदयाच्या पेशीत मूळ वही एकच असते. नकला मात्र निरनिराळ्या निघतात, म्हणून त्वचा ही त्वचा असते आणि हृदय हे हृदय.

नकलेवरचा मजकूर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. १९७४ साली अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात फ्रिट्झ रॉटमन आणि त्यांचे सहकारी उंदराच्या यकृतातील कर्कपेशींच्या नकला तपासत असताना त्यांना एक चमत्कार दिसला. 'ए' नावाच्या काही अक्षरांच्या अंगाला एक बारीकसा रासायनिक गट चिकटलेला होता. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, असे चार अणूंचे ते बिऱ्हाड. रसायनशास्त्रात त्याला मिथिल गट म्हणतात, आणि तो चिकटवण्याच्या क्रियेला मिथिलीकरण. 'ए' अक्षराच्या सहाव्या जागेवर तो बसतो म्हणून शास्त्रज्ञ त्या खुणेला 'एम-सिक्स-ए' म्हणतात. आपण तिला नकलेवरचा शेरा म्हणू. अक्षर तेच, शब्द तोच, अर्थही तोच. फक्त समासात कोणीतरी शेरा मारलेला.

सरकारी कागदावरच्या शेऱ्याचे सामर्थ्य आपण जाणता. मजकुराला धक्का न लावता 'तातडीचे' असा शेरा पडला की कागद धावू लागतो, आणि 'दप्तरी दाखल' असा पडला की तो पुन्हा उजेडात येत नाही. नकलेवरच्या या रासायनिक शेऱ्याचेही तसेच आहे. ही नक्कल किती वेळ टिकावी, तिच्यावरून प्रथिन भराभर बनावे की सावकाश, की ती फाडून टाकावी, हे ठरवण्यात त्याचा हात असतो.

पण ही गोष्ट कळायला बरीच वर्षे लागली. १९७४ नंतर जवळजवळ साडेतीन दशके या शेऱ्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. एक तर शेरा नेमका कोणत्या अक्षरावर आहे हे दाखवणारे साधन नव्हते. दुसरे म्हणजे, एकदा पडलेला शेरा कायमचाच, असा समज होता. आणि जे बदलत नाही त्यात कुतूहल ते काय वाटणार? हा समज मोडला तो २०११ साली, शिकागो विद्यापीठात, आणि तोही एका लठ्ठपणामुळे प्रसिद्ध झालेल्या प्रथिनामुळे. एफटीओ हे त्याचे नाव. २००७ साली असे आढळले होते की, या प्रथिनाच्या नोंदीत विशिष्ट फरक असलेल्या माणसांचे वजन इतरांपेक्षा थोडे अधिक भरते. वृत्तपत्रांनी लगोलग 'लठ्ठपणाचा जीन सापडला' म्हणून जाहीर केले. एफटीओ शरीरात काय काम करते याचा शोध घेता घेता शिकागोच्या मंडळींना दिसले की, ते नकलेवरचा मिथिल शेरा पुसून टाकते. म्हणजे शेरा मारणारा जसा आहे, तसा खोडणाराही आहे. गंमत अशी की, लठ्ठपणाशी जोडलेला तो मूळ फरक बऱ्याच अंशी शेजारच्या दुसऱ्याच जीनांमार्फत काम करतो, हे २०१४ आणि २०१५ सालच्या संशोधनातून पुढे आले. वृत्तपत्रातील मथळा फिका पडला, पण खोडणारा सापडला तो सापडलाच.

त्यानंतर मात्र कामाला वेग आला. २०१२ साली इस्राएल आणि अमेरिका येथील दोन संशोधक-मंडळांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या शेऱ्यांचे नकाशेच तयार केले. इस्राएलच्या मंडळींना मानवाच्या सात हजारांहून अधिक जीनांच्या नकलांवर बारा हजारांहून अधिक शेरे सापडले. ते कोठेही सांडल्यासारखे पडलेले नव्हते. मजकूर जेथे संपतो त्याच्या आसपास त्यांची दाटी होती. पुढे कचेरीची सगळी व्यवस्था उलगडली. शेरा मारणाऱ्यांत मुख्य म्हणजे मेटल-३ नावाचे प्रथिन, आणि त्याच्या जोडीला मेटल-१४. खोडणारी दोन, एफटीओ आणि २०१३ साली सापडलेले दुसरे एक. आणि तिसरा वर्ग वाचणाऱ्यांचा. शेरा पाहून हे वाचक ठरवतात की नक्कल कारखान्याकडे पुढे सरकवायची की मोडीत काढायची. मारणारे, खोडणारे आणि वाचणारे असे तीन वर्ग ज्या कचेरीत आहेत, तेथे काम सुरळीत चालण्यास तिघांचा मेळ बसावा लागतो, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

आता ही कचेरी हृदयात काय करते ते पाहू. हृदयाच्या स्नायूची एक अडचण आहे. कातडी खरचटली तर नव्या पेशी येऊन जखम भरते, परंतु हृदयाच्या स्नायूपेशी क्वचितच बदलतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीप्रमाणे पंचविशीतल्या माणसात वर्षाला सुमारे शेकडा एक पेशी नवी येते, आणि म्हातारपणी तेवढीही येत नाही. तेव्हा रक्तदाब वाढला आणि हृदयाला अधिक जोराने रक्त ढकलावे लागले, की नवे मजूर भरती करण्याची सोय नसते. आहेत त्याच मजुरांना अंगाने जाड व्हावे लागते. प्रत्येक पेशी अधिक प्रथिने बनवते, फुगते आणि हृदयाची भिंत जाड होते. प्रारंभी ही जाडी कामाला येते. पण भार तसाच राहिला तर भिंत ताठर होते, पुढे कप्पा सैलावतो आणि हृदय थकते. उच्च रक्तदाबाकडून हृदयाच्या दुर्बलतेकडे जाणारा हा राजमार्ग आहे. त्याचा प्रत्येक टप्पा कोणते प्रथिन किती बनावे या प्रश्नावर अवलंबून असल्यामुळे नकलेवरच्या शेऱ्याचे येथे काम असणार, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला.

तर्क खरा ठरला. २०१९ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात या विषयावरील दोन महत्त्वाचे प्रबंध प्रसिद्ध झाले. ओहायो येथील संशोधकांनी उंदरांच्या हृदयपेशींत शेरा मारणारे मेटल-३ वाढवून पाहिले, तेव्हा दाबाचा भार नसतानाही पेशी जाड झाल्या. मग त्यांनी तेच मेटल-३ काढून टाकले. तरुणपणी हृदय ठीक चालले, पण वय वाढल्यावर किंवा भार पडल्यावर ते दुर्बल होऊ लागले. म्हणजे शेरा फार झाला तरी चालत नाही आणि मुळीच नसला तरी चालत नाही. दुसरा प्रबंध न्यूयॉर्कचा. तेथील मंडळींनी माणूस, डुक्कर आणि उंदीर या तिघांची दुर्बल झालेली हृदये तपासली. त्यांत खोडणारे एफटीओ घटले होते आणि नकलांवर शेऱ्यांची गर्दी झाली होती. हृदयाचा प्रत्येक ठोका कॅल्शियमच्या ये-जा करण्यावर चालतो. ठोका झाला की कॅल्शियम आत ओढून घेणारा एक पंप आहे. त्याच्यासारख्या, आकुंचनाला आवश्यक असलेल्या प्रथिनांच्या नकला या गर्दीत लवकर नष्ट होत होत्या. मग उंदरांना हृदयविकाराचा झटका आल्यासारखी अवस्था निर्माण करून त्यांच्या हृदयात जादा एफटीओ पोचवण्यात आले, तेव्हा शेरे पुसले गेले, नकला टिकल्या, हृदयाचे आकुंचन सुधारले आणि हृदयात पडणारा वण कमी झाला.

येथे टाळी वाजवण्याचा मोह होतो, पण ती जरा राखून ठेवावी. त्याच सुमारास आणखी एका प्रयोगशाळेत मेटल-३ वाढवल्यावर हृदयपेशींच्या वाढीला उलट आळा बसलेला दिसला. असे का व्हावे? शेरा एकच असला तरी तो हजारो निरनिराळ्या नकलांवर पडतो, आणि वाचणाऱ्यांपैकी कोण जवळ आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो. 'ताबडतोब' हा शेरा मंजुरीच्या कागदावर पडणे आणि जप्तीच्या कागदावर पडणे यांत केवढे अंतर आहे! तेव्हा 'मिथिल शेरा हृदयाला चांगला की वाईट' हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. कोणत्या नकलेवर, कोणत्या पेशीत, रोगाच्या कोणत्या टप्प्यावर, असे विचारले तरच उत्तर मिळेल.

हृदयाकडून रक्तवाहिन्यांकडे येऊ, कारण दाब तेथे ठरतो. १९६३ साली जपानमधील क्योटो येथे ओकामोटो आणि आओकी या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांची एक जात पैदा केली. या उंदरांचा रक्तदाब कोणीही काही न करता वयाबरोबर आपोआप चढतो. रक्तदाबाच्या अभ्यासात या जातीने फार मोठी सेवा केली आहे. २०१९ साली या उंदरांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना वेढणाऱ्या पेशी तपासण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या नकलांवर मिथिल शेरे कमी आढळले. ध्यानात घ्या, दुर्बल हृदयात शेरे वाढलेले आणि दाब चढलेल्या उंदराच्या वाहिन्यांत शेरे घटलेले! त्याच वर्षी चीनमधील संशोधकांनी माणसाच्या वारशातील बारीक फरकांची यादी आणि मिथिल शेऱ्यांचा नकाशा एकमेकांशेजारी ठेवून पाहिला. रक्तदाबाशी संबंध असलेल्या काही फरकांची जागा नेमकी शेरा पडण्याच्या जागेवर आली. म्हणजे काही घराण्यांत जो वारसा उतरतो, तो प्रथिनाचा मजकूर न बदलता नकलेवर शेरा पडेल की नाही एवढेच बदलत असावा. घराणे आणि शेरा यांची गाठ पडते ती अशी. संबंध दिसला, पण संबंध म्हणजे कारण नव्हे. ते सिद्ध करण्याचे काम चालू आहे.

आता आपण मनात विचारत असाल, की एवढे सगळे कळले आहे तर मग औषध कोठे आहे? हा प्रश्न रास्त आहे. नकलेवरच्या अक्षरांत फेरफार करून वैद्यक पुढे जाते याचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ साली दाखवले की, प्रयोगशाळेत बनवलेल्या आरएनएतील अक्षर थोडे बदलले तर शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही. पुढे कोविडच्या साथीत परदेशांत कोट्यवधी लोकांना दिलेल्या आरएनए-लशींत असेच बदललेले, अंगावर मिथिल गट असलेले एक अक्षर वापरले गेले. आणि २०२३ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. शेरा मारणाऱ्या मेटल-३ ला रोखणारे औषधही निघाले असून २०२२ साली त्याची माणसांवरील पहिली चाचणी सुरू झाली. मात्र ती कर्करोगासाठी आहे. हृदयासाठी याची घाई करता येत नाही, याचे कारण आपण आत्ताच पाहिले. मेटल-३ काढून घेतलेल्या उंदरांची हृदये वयाबरोबर थकली होती.

आणि येथे डॉ. वकिलांचा धडा आठवावा. मिथिल गट शरीरात येतो तो आपल्या अन्नातील मेथिओनीन नावाच्या द्रव्यापासून. गट देऊन झाला की मागे होमोसिस्टीन नावाचा एक अवशेष उरतो, आणि त्याला पुन्हा उपयोगात आणण्यास फोलिक आम्ल व ब-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त, त्यांना हृदयविकार जास्त, असे पुष्कळ पाहण्यांत दिसले होते. तेव्हा जीवनसत्त्वे द्यावी, होमोसिस्टीन उतरवावे आणि हृदयविकार टाळावा, हा विचार किती सरळ! २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले; एकीत ५,५२२ आणि दुसरीत ३,७४९ रोगी होते. होमोसिस्टीन ठरल्याप्रमाणे उतरले. हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. कागदावर सरळ दिसणारी वाट रोग्याच्या शरीरात सरळ निघत नाही. ज्याच्या अंगात ब-१२ खरोखरच कमी आहे त्याने वैद्याच्या सल्ल्याने ते अवश्य घ्यावे. परंतु उद्या कोणी 'आरएनएचे मिथिलीकरण सुधारणारी पुडी' म्हणून दारावर विकायला आला, तर रोग्यांवर मोजून पाहिल्याचा आकडा त्याच्याकडे मागावा. तो नसेल तर त्याला पाणी पाजून वाटेला लावावे.

मग या संशोधनातून आजच आपल्या हाती काय येते? आमच्या मते एक फार मोलाची गोष्ट येते, आणि ती त्या पहिल्या वाक्याचे उत्तर आहे. "घराण्यातच आहे" असे म्हणणारा माणूस मूळ वहीकडे बोट दाखवतो. वही बदलत नाही, हे खरे. पण हृदय वहीवर चालत नाही, नकलांवर चालते; नकला रोज निघतात, त्यांच्यावर शेरे रोज पडतात आणि रोज पुसलेही जातात. भाराखालचे हृदय आणि भार नसलेले हृदय यांची मूळ वही एकच असून शेरे निराळे असतात, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. वारसा हे प्रारब्ध आहे असे म्हणण्याला यात आधार सापडत नाही.

आणि शेऱ्यांची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी हीच गोष्ट वैद्यांनी रोग्यांच्या हृदयावरही पाहिली आहे. दाबाने जाड झालेली हृदयाची भिंत, दाब औषधाने आटोक्यात ठेवला तर, बऱ्याच अंशी पुन्हा पातळ होते, आणि जिची जाडी उतरते त्या हृदयाला पुढचा धोकाही कमी राहतो. अमेरिकेत ९,३६१ लोकांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हृदयविकार व पक्षाघात यांसारखी मोठी संकटे सुमारे चौथ्या हिश्शाने आणि एकूण मृत्यूही तितक्याच प्रमाणात कमी झाले. त्यांतल्या कोणाचीही मूळ वही बदललेली नव्हती. आकडा कोठवर उतरवावा हे मात्र ज्याचे त्याच्या वैद्याने ठरवायचे, कारण तो फार उतरला तर घेरी येऊन पडण्याचेही भय असते.

तेव्हा तूर्त आपल्या हातात आहे ते भार उतरवणे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. आमटी-भाजीत ते आलेच, पण लोणचे, पापड, फरसाण आणि ताटातल्या डाव्या बाजूला वाढलेली ती मिठाची चिमूट, यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देणाऱ्या आहाराने दाब उतरतो, हे १९९७ साली मोजून सिद्ध झाले, आणि त्या आहारात मीठही कमी केले तर तो आणखी उतरतो, हे २००१ साली. दाब मोजताना पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर असावेत, हात हृदयाच्या पातळीत टेकवावा आणि त्या वेळात बोलू नये. शेवटची अट आपल्याकडे सर्वांत अवघड, हे आम्ही जाणतो. एका आकड्याने घाबरू नये. पण तो पुन्हा पुन्हा १४० आणि ९० यांच्या वर येत असेल तर वैद्याकडे जाण्यास उशीर करू नये. आणि गोळी सुरू झाली, दाब उतरला, की "आता बरे वाटते" म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये. दाब उतरलेला असतो तो गोळीमुळेच. २०१७ सालापासून सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. सरकारी आरोग्यकेंद्रांत साधी आणि स्वस्त औषधे नियमाने देऊन दाब आटोक्यात आणता येतो, हाच त्याचा पाया आहे.

सभ्य गृहस्थहो, नकलेवरच्या एका शेऱ्याचे, चार अणूंच्या एका बिऱ्हाडाचे हे आख्यान आम्ही आपला एवढा वेळ घेऊन सांगितले. या शेऱ्यांवर नेमके बोट ठेवणारे औषध कदाचित आपल्या मुलांना मिळेल. तोवर घराण्याच्या नावाने खडे फोडत बसण्यापेक्षा, घरातल्या ज्या वडीलधाऱ्या माणसाचा दाब वर्षभरात मोजला गेलेला नाही, त्याला या आठवड्यात वैद्याकडे घेऊन जावे, एवढीच आमची आपणांस विनंती आहे. घराण्याचा दाब जसा वारशाने येतो, तशी तो मोजण्याची सवयही घराण्यात लावता येते.